खुशालीची अकरा पत्रं

११ नोव्हेंबर ७३, सांगली

तालीम चार ते सात, हळदीच्या वखारीच्या माडीवर. पातळाचा काठ पुन्हा पिवळा. शाळेतल्या पोरी विचारायला लागल्यात, बाई, तुमच्याकडे रोज हळदीकार्य असतं का?

शांतिनाथशी भांडण. (यापुढे नुसता शां., एवढं लांब नाव लिहायला मला वेळ नाही.) नाटक त्यानेच लिहिलंय, बसवतोयही तोच. दिवसभर हळदीचे सौदे करतो आणि संध्याकाळी आमच्या जिवावर उठतो. नाटकाला अजून नाव नाही. माझं काम आक्काचं. घरातली थोरली, बिनलग्नाची, सगळं घर तिच्या धाकात. आज मी तिला चांगली कडक केली. पदर खोचला, डोळे वटारले. दत्तूने टाळी वाजवली. दत्तू म्हणजे नाटकातला म्हातारा आजोबा. वय एकतीस, कुपवाडला लेथवर काम करतो, पण मिशा पांढऱ्या केल्या की अंगात खरंच म्हातारा येतो.

शां. म्हणाला, "बाई, ही खाष्ट बाई मी पन्नास नाटकांत बघितली. ही अशी का झाली ते सांगा."

"ते लेखकाला माहीत."

"लेखकाला माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

काय माणूस आहे! आता नवा हुकूम. प्रत्येकाने आपापल्या पात्राचं मागचं आयुष्य वहीत लिहून आणायचं. म्हणे ते नाटकात येणार नाही, पण ते ठाऊक असलं की नुसती वाटी उचलली तरी लोकांना कळतं. सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत ते कोण तपासणार?

१४ नोव्हें.

वही कोरी. एक वाक्य लिहिलं : लग्न मोडलं म्हणून आक्का कडू झाली. खोडलं. माझंही मोडलं होतं, मी कुठे कडू झाले? बरं, थोडी झाले. पण धाक कुणाला घालत नाही. कुणी घालूनच घेत नाही.

आक्का म्हणून डोळे मिटले की सारखी आमची ताईच उभी राहते. रविवारी साताऱ्याला जाऊन येते. आबांना भेटून महिना झालाच आहे.

१८ नोव्हें., सातारा

पहिली एसटी. कऱ्हाडला अर्धा तास खोळंबा. खरं म्हणजे आज मी चोरी करायला आलेय. दिवसभर ताईकडे बघत बसले.

"कशी आहेस गं ताई?"

"दिसतीय न्हवं? पाय धू."

ही कधीच 'बरी आहे' म्हणत नाही. माझ्या आठवणीत एकदाही नाही. तीन वर्षांपूर्वी टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? तर हिने मनगट पुढे केलं. तुम्हीच बघा.

आबा कॉटवर, ताई चुलीपाशी, मध्ये चार हात अंतर. आबा मला म्हणतात, "तिला म्हनावं, च्या जरा पातळ कर." ताई मला म्हणते, "म्हनावं, दूध नासलंय, कोराच मिळंल." मी मध्ये टपालखातं. एरवी ताई वाटी वाजवते. फरशीवर एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की जेवण. एकोणतीस वर्षं हे असं आहे. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच घरांत बाप आणि थोरली मुलगी एकमेकांशी बोलत नसतात.

का बोलत नाहीत ते विचारून थकले. ताई म्हणते, काम कर. आबा म्हणतात, इचारू नगं. मला एवढंच ठाऊक की आई गेली तेव्हापासून. मी पाच वर्षांची, ताई तेरा, आबा मिलिटरीत. आई तापाने गेली. आणि ताईने मला सांगितलं, आई मामाकडं गेलीया. आठ महिने मला हेच सांगितलं. मी रोज संध्याकाळी ओढ्यापाशी जाऊन बसायचे, मामाच्या गावाची वाट तिथून दिसते म्हणून. हे मी ताईला अजून माफ केलेलं नाही. तोंडाने कधी बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

दुपारी रेशनच्या दुकानात तिच्याबरोबर गेले. पावतीवर तिने अंगठा लावला आणि शाई केसांना पुसली. मी मास्तरीण आणि सख्खी बहीण अंगठेबहाद्दर. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"शाळेत जात होतीस ना गं?"

"इसरले."

२१ नोव्हें., सांगली

तालमीत सून आक्काला विचारते, कशा आहात? मी संहिता सोडून म्हटलं, "दिसतीय न्हवं?" आणि शाई पुसावी तसा हात केसांवरून फिरवला. शां. उठून उभाच राहिला.

"हे कुठून आणलंत?"

"सुचलं."

"आता याच्यामागचं शोधा. ज्या बाईला साधं 'मी बरी आहे' म्हणता येत नाही, तिला त्या शब्दाने कधीतरी पोळलंय."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पोळलंय म्हणजे? ताईला कोण पोळवणार? तीच सगळ्यांना पोळवते.

गावाकडच्या काकूला विचारावं. त्या वेळचं माणूस आता ती एकटीच उरलीय.

२५ नोव्हें.

उंब्रजला उतरून पुढे चालत गाव. काकू शेंगा फोडत बसली होती. आबांची थोरली भावजय ही, सत्तरी उलटली, कान तिखट. मी आडून आडून विचारत होते. ती म्हणाली, सरळ बोल की, मास्तरीण हायेस न्हवं? मग बोलली. ऐकलं तसं इथे उतरवते, नाहीतर मी माझ्या मनाने त्यात काहीतरी घालीन.

"तुझ्या आईला कुटं लिवाय येत हुतं? ती सांगायची आन् ताई लिवायची. मोत्यावानी अक्षार पोरीचं. सगळी आळी तिच्याकडनं पत्रं लिवून घ्यायची."

ताई! अंगठा लावणारी आमची ताई!

"भावजीचं पत्र आलं. पंधरा दिसाची रजा मिळतीया, मग ब्रह्मदेशाला धाडत्यात, येऊ का? तुजी आई आत तापानं फनफनल्याली. मामंजी म्हनलं, ह्यो आला तर बायकूला असं टाकून माघारी जायाचा न्हाई. पलटनीतनं पळाला तर बेड्या पडत्याल. ताईला बसवली आन् म्हनलं, लिही."

मामंजी म्हणजे आमचा आजा, आबांचे वडील. काय लिहायला सांगितलं ते काकूला पाठ आहे. दारामागे उभी होती ती. 'मी बरी आहे. इतक्यात येण्याची घाई करू नये.' आई आत कण्हत होती आणि ताई सोप्यात बसून तिच्या नावाने हे लिहीत होती.

"भावजीनं रजा दुसऱ्या कुनाला दिली. नवव्या दिशी तुजी आई गेली."

"मग?"

"मग काय. त्यो तिकडं लढाईत, आता कसं कळवायचं? मामंजी म्हनलं, लिहीत ऱ्हा. मेलेल्या आईच्या नावानं पोरीनं धा पत्रं लिवली. पयलं धरून अकरा. तुला मामाचं सांगितलं त्येबी मामंजीनंच सांगाय लावलं. तू टपालवाल्याम्होरं बोलली असतीस तर?"

आबा आले ते आईला लुगडं घेऊन. सोप्यात उभं राहून हाका मारल्या म्हणे. मग कळलं. मग विचारलं, ही पत्रं कुणी लिहिली?

"ताई म्हनली, मी. बास, येवडंच. मामंजी खांबाला टेकून तितंच बसल्यालं. तोंडातनं शबूद न्हाई काडला."

"आणि काकू, तुम्ही?"

"मी सून बाई. सासऱ्याम्होरं कवा बोलले हुते? आन् नंतर बोलणार हुते, तर ताईनंच आन घातली, आज्याचं नाव काडायचं न्हाई. आज तुला बोलले. तू बी काडू नगंस. व्हय म्हन."

व्हय म्हटलं.

२६ नोव्हें.

शाळेत लक्ष नाही. सातवी ब मध्ये शुद्धलेखन घातलं आणि स्वतःच तीन ओळी गाळल्या.

ओढ्यापाशी बसून मी जिला शिव्या घालत होते ती तेरा वर्षांची होती. तेव्हा ती आईच्या नावाने काय काय लिहीत असेल? गाय व्याली, कुसुम (म्हणजे मी) मोठी झाली, तुमची आठवण येते. हे शब्द आतून आणायचे, आणि आई तर नाही. आता तिला अंगठा का पुरतो ते कळलं. मला लाज वाटते. कुणाशी बोलावं?

२९ नोव्हें.

तीन दिवस पोटात ठेवलं. आज शां.ला सगळं सांगून बसले. नाव न घेता सांगितलं, 'एका ओळखीच्या घरी', पण तो काय दूधखुळा आहे? हळदीच्या पोत्यावर बसला. मग म्हणाला, "हे आक्काला द्या."

"तू म्हणालास मागचं आयुष्य नाटकात येणार नाही."

"आता आलं त्याला मी काय करू?"

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, विचार करते. काकूला दिलेला शब्द चार दिवस टिकला. शाब्बास कुसुमबाई.

२ डिसेंबर

शां.ने प्रवेश लिहून आणला. चांगला लिहिलाय मेल्याने. मागचं मागे जाऊन दाखवायचं नाही, सगळं आजचंच. घरात सून आजारी, मुलगा परगावी. म्हातारा आक्काला कार्ड देतो आणि सुनेच्या नावाने लिहायला सांगतो, मी बरी आहे, येण्याची घाई करू नये. आक्का पहिल्यांदा पेन हातात घेते. लिहिते. मग त्याच्याकडे न बघता म्हणते, "तवाबी तुमीच सांगितलंत. आई आत तापानं फनफनली हुती आन् तुमी म्हनालात, लिही. बापानं इचारलं तवा मात्र गप बसलासा." संपलं. बाकी काही नाही.

तालमीत ते वाक्य बोलले आणि शां. खूश झाला.

दत्तू मात्र नाराज. त्यानेही म्हाताऱ्याची वही लिहिलीय. म्हणतो, "बाई, ह्यो म्हातारा वाईट न्हाई. त्येचा भाऊ पैल्या लढाईतनं माघारी आला न्हाई, असं मी लिवलंय. म्हनून त्यो पलटनीला लय भितोय."

आज्याचा धाकटा भाऊ खरोखरच त्या लढाईत गेला होता. गावच्या देवळातल्या पाटीवर नाव आहे. दत्तूला हे ठाऊक असायचं कारणच नाही. म्हणजे आज्यालाही मागचं काहीतरी होतंच. पण म्हणून त्याला सोडून द्यायचं का? मला तरी सोडवत नाही.

२३ डिसें.

पहिला प्रयोग, सांगली. नाटकाला नाव मिळालं : खुशाली. थिएटर पाऊण भरलं. ते वाक्य झालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पडदा पडल्यावर मी आत जाऊन ढसाढसा रडले आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटत होतं की स्वतःचाच राग आला.

साताऱ्याच्या एका वाचनालयाचे गृहस्थ भेटायला आले. १२ जानेवारीला तिकडे प्रयोग करा म्हणाले, दुपारी चारला. शां. लगेच हो म्हणाला. मी कुंकू पुसत होते. हात तिथेच थांबला.

२ जानेवारी ७४

आबांचं कार्ड. "वाचनालयाच्या फळ्यावर तुझे नाव वाचले. शेजारचे गुरुजी तिकिटे काढणार आहेत. मी येणार आहे व तीही येणार आहे." ती म्हणजे ताई. आबा तिचं नाव लिहीतसुद्धा नाहीत.

जन्मात कधी नाटकाला न गेलेली ताई, नेमकी आता!

५ जाने.

शां.ला म्हटलं, साताऱ्यात ते वाक्य नको.

"मग प्रवेशात उरतं काय?"

"काहीही उरू दे. ती माझी बहीण आहे. आणि वडील."

त्याला धक्का बसला नाही, म्हणजे ठाऊकच होतं. मग अगदी हळू म्हणाला, "दत्तू त्याचं बोलेल. तुम्ही कार्ड लिहा. पुढे बोलायचं की नाही ते तुमच्यावर. मी विंगेतून खूणसुद्धा करणार नाही."

यापेक्षा तो भांडला असता तर बरं झालं असतं.

ठरलं, नाही बोलायचं. कार्ड लिहायचं आणि उठून आत जायचं. घरी चार वेळा तसं करून पाहिलं. जमतं.

१३ जाने., सातारा, एसटी स्टँड

सांगलीची गाडी पाऊण तास उशिरा. कालचं लिहून टाकते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवीन.

तिसरी रांग. आबा, मध्ये गुरुजी, मग ताई. आबा कोट घालून. ताई मांडीवर पिशवी धरून, देवळात बसतात तशी. पहिल्या अंकात सुनेने विचारलं, कशा आहात? मी "दिसतीय न्हवं?" म्हटलं आणि लोक हसले. ताई हसली नाही. तिने पिशवी जवळ ओढली. तिला तिथेच कळलं.

दुसरा अंक. दत्तूने कार्ड दिलं. "लिही. मी बरी आहे. येण्याची घाई करू नये." मी लिहिलं. आता उठायचं होतं. उठलेच नाही. खाली बघितलं तर आबा पुढे वाकून ऐकत होते आणि गुरुजींच्या पलीकडे ताई मान खाली घालून. दोघांत एक परका माणूस. मला एकदम राग आला. खांबाला टेकून गप्प बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा, त्या वाटीचा, एकोणतीस वर्षांचा. बोलले. सगळं बोलले. शेवटचं "गप बसलासा" तर दत्तूकडे न बघता सरळ खाली बघून बोलले.

खरं लिहायचं तर थोडं असंही होतं की थिएटर शांत झालं होतं आणि मला ती शांतता हवी होती.

ताई उठून गेली. आबा दिवे लागेपर्यंत बसून होते.

संध्याकाळी घरी ताईने भाकरी केली. वाटी दोनदा वाजली. आबा उठले नाहीत. पुन्हा दोनदा वाजली. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

आज सकाळी उठले तेव्हा आबांनी आज्याचा फोटो खुंटीवरून काढून मांडीवर घेतला होता. ताई अंगणात कपडे पिळत होती. आबा दारात गेले आणि तिच्याशी बोलले. माझ्याकडे न बघता, तिच्याशी.

"पत्रं त्येनं लिवून घेतली?"

ताईचा पीळ हातातच राहिला. "जुनं हाय त्ये."

"व्हय का न्हाई?"

"व्हय."

"पयलंबी? रजेचं?"

"व्हय."

आबा फोटो घेऊन पायरीवर बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, तू जा.

ताई स्टँडपर्यंत पोचवायला आली. मीच म्हटलं, ताई, एकदा कळायला पाहिजे होतं त्यांना. तू का सोसायचं? तेव्हा थांबली.

"मला काय कळत न्हवतं व्हय सांगाय? त्या दिशीच सांगितलं असतं. आई गेलीच हुती. आज्याचं सांगितलं असतं तर बापबी गेला असता त्येंचा. म्हनलं, लेक गेली तर गेली. आता तू बाप घेतलास, कुसे. ह्या वयात. आता त्येनी कुनाला इचारायचं?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "हितं रडू नगं, मान्सं बगत्यात." आणि निघून गेली. मागे वळली नाही. मी तिला माफ करायला आले होते. आता माझी माफी कुणाकडे मागू?

गाडी लागली.

१४ जाने., सांगली. संक्रांत

शाळेत तिळगूळ. सगळ्या पोरी गोड बोला, गोड बोला. ताई तिळगूळ हातावर ठेवते पण ते वाक्य कधी म्हणत नाही, हे आज ध्यानात आलं. मीही आज म्हटलं नाही. पोरी बिचकल्या.

१७ जाने.

गुरुजींच्या पत्त्यावर ताईला पत्र टाकलं. ती वाचेल का? काकूलाही लिहायला घेतलं, पण तिथे वाचून दाखवणार कोण आणि काय? फाडलं.

२० जाने.

पाचगणीच्या एका शाळेचं बोलावणं, स्नेहसंमेलनाला 'खुशाली' करा म्हणून. मी नाही म्हटलं. शां. म्हणाला, विश्रांती घ्या, दुसरी आक्का बघतो. दत्तू जिन्यापर्यंत आला. "बाई, माज्या म्हाताऱ्याला त्या शेवटच्या वाक्यावर काय उत्तरच न्हाई. लय शोधलं." म्हटलं, नसू दे दत्तू, आमच्याही म्हाताऱ्याला नव्हतं.

साताऱ्याहून काही नाही. जावं तर तोंड कुठलं घेऊन जाऊ? न जावं तर दिवसभर कानात वाटी वाजते.

२४ जाने.

शाळेतून आले तर दाराच्या फटीत कार्ड. आधी वाटलं आबांचं. अक्षर आबांचं नाही. गोल, सरळ, ओळ कुठे वर नाही की खाली नाही. काना अन् काना सारखा. असं अक्षर मी आमच्या घरात कधीच पाहिलेलं नाही. खाली 'तुझी ताई'. मी दारातच खाली बसले. शेजारच्या वहिनी धावत आल्या, कुणी गेलं का म्हणून.

तीनच ओळी.

"चि. कुसुमला अनेक आशीर्वाद. आबांची प्रकृती ठीक आहे. मी बरी आहे. तू इतक्यात येण्याची घाई करू नये."

दहा वेळा वाचलं. पुढच्या घरचं लेकरू रडत होतं ते गप्प झालं तरी मी वाचतच होते. ताईने पेन धरलं. ताई म्हणते मी बरी आहे. आनंदाने नाचायला हवं. कदाचित खरंच बरी असेल. कदाचित दोघं बोलायला लागले असतील, आबांनी समोर बसवून लिहायला सांगितलं असेल, आणि तिला आता ते वाक्य लिहिता येत असेल. नाहीतर मला चिमटा काढलाय, हे घे तुझं वाक्य म्हणून. तसंही असू दे, चालेल मला.

पण ही ओळ मला पाठ आहे. दोन गावांत शेकडो लोकांसमोर मी ती लिहिलीय. पहिल्यांदा ती लिहिली गेली तेव्हा आत आई तापाने फणफणलेली होती.

आबा ठीक आहेत ना? ताई, ठीक आहेत ना गं?

पिशवी भरून ठेवलीय. दोन पातळं, आबांचं गुडघ्याचं तेल. हेडबाईंना चिठ्ठी लिहिली, रजेचं कारण मात्र अजून घातलेलं नाही. पहिली गाडी सव्वासहाची. गेले, आणि सगळं छान असलं, तर ताई म्हणेल, मी लिहिलेलं खरं मानलं नाहीस ना, तूसुद्धा? आणि नाही गेले तर आबांनी रजा सोडली तसंच.

कार्ड उशाला ठेवलंय. शिक्का साताऱ्याचा, तारीख पुसट, २१ आहे की २२ ते लागत नाही.